पट्ट्याची पात

रतनबाईला जागेपणी स्वप्नं पडत. झोपेत ती सगळ्यांनाच पडतात, त्यात काही विशेष नाही. पण ही बाई पौषातल्या भर दुपारी विहिरीकडेच्या लसणाच्या वाफ्यात बसलेली असायची, हातात खुरपं, डोळे टक्क उघडे, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की खुरपतेय. खुरपं मात्र घटकाभर एकाच जागी टेकलेलं असे. सून येऊन विचारायची, "आत्याबाई, कुठं गेलता?" मग ती गवताची एक काडी उपटून दाखवायची, जणू काही एवढ्यासाठीच बसली होती.

स्वप्न एकच होतं. वाऱ्यानं पात हलायला लागली की वाफ्यातल्या रोपांच्या हळूहळू बाया व्हायच्या. हिरवी लुगडी, त्यावर पिवळे उभे पट्टे, आणि प्रत्येकीनं पुढचीचा पदर धरलेला. पुढं रतनबाईची आई चाललेली असे, तिच्या पुढं आईची आई. त्या आजीला रतनबाईनं जन्मात पाहिलेलं नव्हतं, तरी ती ओळखू यायची. रांग ओढ्यावरून तरंगत निघायची, पाय जमिनीला न लावता. आणि मग रतनबाईला आपला पदर मागून कुणीतरी धरल्याचं जाणवायचं. ती वळून बघायची आणि मागं कुणी नसायचं. इथंच दर वेळी डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते लसणाच्या वासानं आलं असं ती सुनेला सांगायची. लसूण चिरल्याशिवाय कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, हे सुनेलाही कळत होतं.

मागं जिला असायला हवं होतं ती संगीता.

रतनबाईच्या माहेरची एक रीत होती. लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत नारळाबरोबर लसणाच्या सात कुड्या घाली. त्या खायच्या नाहीत, लावायच्या. एकदा लावल्या की बाजारातून बियाणं म्हणून लसूण घरात आणायचा नाही, आणि आपला लेकीशिवाय कुणाला द्यायचा नाही. सुनेलाही नाही, सून तिच्या आईचा आणील. मार्गशीर्षात पात चांगली वर आली की ज्या रोपावर पिवळे पट्टे उठले असतील त्याला लाल दोरा बांधायचा. ती आपली पात. तिच्याच गड्ड्या पुढच्या साली बियाला. बिनपट्ट्याची ती उपरी, ती खाऊन टाकायची. रतनबाईची आई आपल्या आईला एकच लेक, रतनबाई तिला एकच लेक, आणि रतनबाईच्या पोटीही जीवन हा मुलगा आणि एकच लेक. त्यामुळं ह्या लसणाची वाट एका बैलगाडीपुरतीच रुंद होती.

संगीताच्या ओटीत काही पडलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ती आदिनाथबरोबर निघून गेली. आदिनाथ मेंढरांचं लेंडीखत वाहायला यायचा तो टेम्पोवाला, जातीबाहेरचा. कळलं तेव्हा तिचा बाप धुळाजी तडक उठला. विहिरीवर गेला, धोतर-सदऱ्यासकट डोक्यावर दोन बादल्या ओतून घेतल्या आणि तसाच ठिबकत घरात आला. लेकीच्या नावानं आंघोळ झाली. माणूस वाईट नव्हता. कोकराला ताप आला तर दोन दोन दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवायचा नाही. पण एकदा केलेली आंघोळ परत काढता येत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि त्या घरात त्याचं म्हणणं म्हणजे म्हणणं. संगीता पुण्याकडं गेली एवढं कानावर आलं. मग तेही येईनासं झालं. त्याला एकवीस वर्षं झाली. पोर जिवंत आहे का, एवढं एकच रतनबाईला ह्या जगाकडून कळून घ्यायचं होतं, आणि ते विचारायचं कुणाला हेच तिला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षीच्या पौषात योगिता आली. कृषी विद्यापीठात शिकणारी, मूळची अंबाजोगाईची, पाठीला पिशवी आणि स्कूटीवर पुढं बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा. लसणा-कांद्यावरच्या विषाणूंचा अभ्यास करत गावोगाव पानं गोळा करत हिंडत होती. रतनबाईनं तिला बाजेवर बसवून चहा दिला आणि विचारलं की घरात कुणी आजारी नाही, डबा कशाचा.

"आजारी लसूण आहे, मावशी," योगिता म्हणाली. "एकच रोग, पण त्याचा विषाणू दर गावात थोडा थोडा वेगळा निघतो. तो कुठून आला, कसकसा बदलला, ते बघायचंय."

ती वाफ्यात शिरली आणि दोरे बघून खूश झाली. "बरं केलं खुणा केल्यात ते. कधी उपटणार?"

"उपटायला कशाला? बियाला धरलाय."

योगिताला आधी हसू आलं. मग तिनं रतनबाईचा चेहरा पाहिला आणि ते हसू गिळलं. उकिडवी बसून ती एक पान बोटांवर घेऊन दाखवू लागली. हे पट्टे म्हणजे रोग. मावा हा बारीक किडा रस प्यायला बसतो, ह्या रोपावरून त्या रोपावर उडतो आणि विषाणू सोडून जातो. कांदा फुलावर येतो, बी धरतो, बियात हा विषाणू सहसा उतरत नाही, म्हणून कांद्याची सुटका होते. लसूण कुडीपासून येतो. एखादी कुडी सुटली तर सुटली, नाहीतर आईच्या अंगात जे असेल ते लेकीच्या अंगात जसंच्या तसं. "एका पिढीत रोग आला की तो घरचाच होतो, मावशी. आणि तुम्ही नेमका तोच राखत आलात."

"माजी माय खोटी न्हवती," रतनबाई म्हणाली.

"खोट्या कशाला असतील? त्यांना पट्टा सुंदर दिसला असेल. दिसतोच."

योगितानं सहा पानं कापली, पिशव्यांवर आकडे टाकले आणि गेली. रतनबाई दोन दिवस भांडी आपटत राहिली. बाहेरची पोरगी येऊन आईला नावं ठेवून गेली, ह्याचा राग होता. पण फाल्गुनात काढणी झाली तेव्हा तिनं एका हातात दोऱ्याची गड्डी घेतली, दुसऱ्या हातात उपरी घेतली, आणि पहिल्यांदाच नीट तोलून पाहिली. दोऱ्याची बोराएवढी. उपरी चांगली मूठभर. गड्ड्या वर्षागणिक बारीक होत चालल्या होत्या हे तिला दिसत होतं, पण ती ते रानावर आणि आपल्या वयावर ढकलत आली होती. चाळीसहून जास्त वर्षं चांगला तेवढा खाल्ला आणि रोगी तेवढा लावला. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

त्या लाजेत तिला एक विसावा सापडला. बरं झालं, संगीला काही दिलं न्हाई. आईकडून जे मिळालं नाही त्यातनं लेक वाचली. ती जिथं असेल तिथं बाजारचा धट्टाकट्टा लसूण लावत असेल. इतकी वर्षं जी गोष्ट काळजात रुतून बसली होती तीच आता मलमासारखी लावत रतनबाईनं तो उन्हाळा काढला. स्वप्नं मात्र थांबली नाहीत. उलट आता रांगेतल्या बाया खोकत खोकत चालायच्या, आणि तरी दिसायला फार सुंदर दिसायच्या.

कार्तिकात तिनं दोन वाफे लावले. एकात उपऱ्या. दुसऱ्यात पट्ट्याच्या, मुद्दाम, हट्टानं.

ह्या मार्गशीर्षात योगिता परत आली. ह्या खेपेला डबा नव्हता, गुंडाळलेला मोठा कागद होता. विहिरीच्या कट्ट्यावर तिनं तो पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. कागदावर उजवीकडं बारीक आकड्यांची रांग आणि तिथून डावीकडं निघालेल्या रेघा, दोन दोन एकात मिळत, पुन्हा मिळत, शेवटी एकच उरलेली. पावसाचं पाणी रानातून ओघळून ओढ्याला मिळावं तसं ते रतनबाईला दिसलं. ऊन कागदावर असं पडलं होतं की रेघा वाहतायत असं वाटत होतं.

"ही विषाणूंची वंशावळ," योगिता म्हणाली. "बेचाळीस वाफ्यांतली."

वंशावळ रतनबाईला ठाऊक होती. तीन-चार वर्षांनी भाट यायचा आणि वही उघडून धुळाजीच्या सात पिढ्या गाऊन दाखवायचा. त्या वहीत रतनबाईचं नाव नव्हतं. संगीताचंही नव्हतं, आणि ते पळून गेली म्हणून नव्हे, लेक म्हणून. आईकडून लेकीकडं जाणारी वंशावळ लिहून ठेवावी असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. ते काम गुपचूप ह्या रोगानं केलं होतं.

"हे सगळे बाजारच्या बियाण्याचे," योगितानं कागदाच्या वरच्या गर्दीवरून बोट फिरवलं. "एकमेकांत मिसळलेले. आणि हा तुमचा, एवढा खाली, वेगळाच. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा करून पाहिलं. नाही चुकलं. इतका वेगळा मला दुसरा कुठं मिळाला नाही." तिनं बोट जरा बाजूला सरकवलं. "म्हणजे एकच मिळाला. हा बघा, तुमच्या शेजारी."

दोन रेघा खरोखरच शेजारी शेजारी होत्या आणि थोड्याच अंतरावर एकात मिळत होत्या.

"हे कसं?"

"पानात एकच विषाणू नसतो, मावशी. तुमच्या पानात चार प्रकारचे निघाले. तिकडच्या पानात तेच चार, आणि चारही जवळपास अक्षराला अक्षर. बी एकाच घरचं असल्याशिवाय असं सहसा होत नाही. थोडासा फरक पडलाय, म्हणजे वेगळं होऊन काही वर्षं झाली असावीत. किती ते मला नेमकं सांगता यायचं नाही."

रतनबाई कट्ट्यावर बसली. तिच्या डोक्यात फार जुनी एक गोष्ट हलायला लागली. संगीता गेली त्या साली आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या जुडीत एक गड्डी कमी भरली होती. घरात रडारड चाललेली, त्यात रतनबाईनं उंदराला दोष दिला होता आणि पिंजरा लावला होता. पिंजऱ्यात उंदीर सापडलाही होता. बिचारा फुकट मेला.

"कुठला हाय ह्यो दुसरा?"

"नाव सांगायचं नाही असा आमचा नियम आहे."

"नाव नगं. गाव सांग."

योगितानं विहिरीत डोकावून पाहिलं, बराच वेळ, जणू तिथं काही शोधायचं होतं. "मांजरसुंबा," ती म्हणाली. "चौकापुढं एक ढाबा आहे पिवळ्या भिंतीचा. त्याच्या मागं दोन वाफे."

मांजरसुंबा. त्यांच्या नेकनूरहून एसटीनं अर्धा तास. पुणे नाही, मुंबई नाही, मांजरसुंबा. जीवन आठवड्यातून एकदा तिथून येत-जात होता. गावातल्या दोघा-तिघांनी तिथं भाकरीही मोडली असणार आणि ओळखलंही असणार. सांगितलं कुणी नव्हतं. धुळाजीनं आंघोळ केलेली, मग उगाच कोण तोंड घालतो, असा आपला शहाणपणा. असल्या शहाणपणाला आग लावावी.

आनंद झाला, पण भीतीनं तो धड होऊ दिला नाही. गेली ती पोर रिकाम्या हातानं गेली नव्हती, आईचा लसूण घेऊन गेली होती. म्हणजे रोगही घेऊन गेली होती. आणि वाफा आहे म्हणजे पोर आहे असं कुठं? लावणारा जातो आणि लसूण राहतो. ढाब्यामागं दुसरीच कुणी बाई पाणी घालत असेल. रतनबाई हे सगळं मनात बोलत राहिली. योगितानं कागद गुंडाळला, निरोगी बियाण्याची एक पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि पट्ट्याचा वाफा उपटून पुरून टाका असं सांगून निघाली. जाताना तिनं वाकून नमस्कार केला. मागच्या वेळी केला नव्हता.

धुळाजी मेंढरं घेऊन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. रतनबाईनं त्याला पाणी दिलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. पानं, कागद, गड्डी, उंदीर, मांजरसुंबा. तो तांब्या हातात धरून ऐकत राहिला. एक कोकरू त्याच्या पायांत घुटमळत होतं, त्यानं त्याला बाजूला केलं नाही.

"मी आंगूळ केली हाय," तो शेवटी म्हणाला.

"मी न्हाई केली," रतनबाई म्हणाली.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला दिलेलं हे पहिलं उत्तर असावं. तिलाच ते परक्या बाईनं दिल्यासारखं ऐकू आलं. धुळाजीनं तांब्या खाली ठेवला, मेंढरं मोजली, मग पुन्हा मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीत बसली. खिडकीतून तुरीची रानं मागं सरकत होती, त्यांच्यावर धुकं कापसासारखं लोंबत होतं आणि गाडी त्यातून चालतेय की ते गाडीतून चाललंय हे कळत नव्हतं. तिनं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. आधी विचारायचं, बरी हाईस का. मग सांगायचं, तुजी वाट बघितली. मग माफी मागायची. एवढं तिनं मनात तीन वेळा घोकलं. मध्येच तिला वाटलं की ही एसटी कुठंच पोचणार नाही, आणि तसं झालं तरी बरं होईल.

पिवळ्या भिंतीचा ढाबा चौकापासून दूर नव्हता. ट्रक उभे होते, कुणीतरी कढईत काहीतरी परतत होतं. रतनबाई भिंतीच्या कडेनं मागं गेली. दोन वाफे. त्यातली निम्मी पात पिवळ्या पट्ट्यांची आणि एकेका पट्टेरी रोपाला लाल दोरा. वाफ्याच्या टोकाला पाठमोरी एक बाई नळी धरून उभी होती. कंबर जाड झालेली, केस कानामागं पांढरे झालेले. एकोणीस वर्षांची पोरगी शोधायला आलेल्या रतनबाईला ती क्षणभर कुणी दुसरीच वाटली. मग त्या बाईनं उजव्या पायाच्या अंगठ्यानं डाव्या पोटरीला खाजवलं. असं खाजवताना तिनं लहानपणी किती वेळा मार खाल्ला होता.

ती वळली. नळीचं पाणी तिच्या पायावर पडत राहिलं.

घोकलेलं सगळं रतनबाईच्या तोंडून पळून गेलं. "ह्यो उपट गं," ती म्हणाली. "ही पट्ट्याची पात. ह्यो रोग हाय. मी तुला रोग शिकवला, संगे."

"ठाव हाय मला."

"कुनी सांगितलं?"

"त्या मॅडमनी. दिवाळीच्या टायमाला आलत्या. चांगलं बियानं बी देऊन गेल्या, म्हनल्या ह्यो उपटून टाका."

"मग कावून लावलास?"

संगीतानं नळी खाली टाकली. "त्या म्हनल्या, असला दुसरा एकच सापडला, अन् ती बाई बी पट्ट्यालाच दोरा बांधती. तवा मला कळलं तू हाईस म्हून. मला वाटलं हुतं तू गेलीस, माय. मला कोन सांगनार हुतं? म्हनलं उपटला अन् तू आलीस, तर तू मला वळखायचीस कशी. म्हून पुन्ना लावला."

रतनबाई वाफ्याच्या ओल्या वरंब्यावर तशीच बसली, आणि संगीता तिच्या समोर बसली, हात न लावता, एखादी वस्तू तुटेल म्हणून बसावं तसं. दोघींच्या मध्ये पात हलत होती. आज मात्र रोपांच्या बाया झाल्या नाहीत.

"सा वर्षं झाली हितं येऊन," संगीता म्हणाली. "एकडाव तुमच्या फाट्यापतुर आलते. आबा मेंढरं घिऊन हुबे हुते. माघारी आले."

"मला सांगायचंस."

"तू बी बगायचंस की. अर्ध्या तासावर हुते मी."

एकवीस वर्षं रतनबाई पदर मागून कुणी धरतंय का ह्याची वाट बघत बसली, पण स्वतः चार पावलं मागं जाऊन पाहिलं नाही, हे खरं होतं आणि ते आज लेकीच्या तोंडून ऐकायला लागलं. "न्हाई बगितलं," ती म्हणाली. "भ्याले मी. तुज्या आबाला भ्याले." आणि ती रडायला लागली, आवाज काढून, ढाब्यावरच्या माणसांनी माना वळवाव्यात असं. तेव्हा संगीतानं तिला जवळ ओढलं.

आतून आदिनाथ डोकावून परत गेला. थोड्या वेळानं त्यानं दोन कप चहा भिंतीवर आणून ठेवला.

"परतीची गाडी कितीला हाय तुजी?" संगीतानं डोळे पुसत विचारलं.

"इचारलं न्हाई," रतनबाई म्हणाली.